गोडा वावळा

वावळ्याचा पाला हातात चुरगळला की घाण वास येतो. पोरं एकमेकांच्या नाकाशी धरून पळतात तो हाच पाला. साल खरवडली तरी तोच वास, ओलं लाकूड फोडलं तरी तोच. त्यामुळं वावळ्याला कुणी जीव लावत नाही. बांधावर तो आपोआप उगवतो, वाढतो आणि एक दिवस कुणीतरी त्याला तोडतं.

आमच्या समोरच्या शाळेच्या कंपाउंडात असा एक वावळा आहे. चैत्र लागला की त्याच्या चपट्या, गोल बिया कागदाच्या टिकल्यांसारख्या उडत येतात आणि सगळं अंगण भरून जातं. सून म्हणते, "आई, नगरपालिकेत अर्ज देऊन हे झाड काढायला लावू. झाडून झाडून हात दुखायलेत."  मी खराटा घेते आणि झाडते. झाडताना एखादी बी उचलून मधोमध दाबून बघते. आत दाणा असतो, बोटाला टणक लागतो. मग ती बी मी खाली टाकते.

आत काहीच नसलेली, दोन्ही बाजूंनी नुसताच कागद असलेली बी मला पुन्हा कुठं सापडली नाही. मी पाथरीच्या रस्त्याला पाहिलं, सोनपेठला पाव्हण्यांकडं गेले तेव्हा नदीच्या अंगाला पाहिलं. प्रत्येक वावळ्याखाली गेले, पाला चुरगळला, हुंगला. बरोबरची माणसं हसायची. मी काही सांगायची नाही. सांगायचं म्हटलं तरी कुठून सुरू करणार?

माझं लग्न झालं ते बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली. सासर झरी गावापासून पायवाटेनं आत, लहानशी वाडी. मी फार बुजरी. मामाजी, म्हणजे माझे सासरे, समोर आले की माझ्या गळ्यातून आवाज निघत नसे. आत्याबाईंशी मात्र, म्हणजे सासूशी, बोलावं लागे. ती आपणहून बोलायची आणि उत्तर मिळेपर्यंत बघत राहायची.

पहिल्याच आठवड्यात ती मला गोठ्यामागं घेऊन गेली. तिथं वावळा होता. दोन माणसांनी हात धरून कवळ घातली तर कशीबशी पुरेल एवढं खोड. खाली बैल बांधलेले, ढवळ्या आणि पाखऱ्या. तिनं एक डहाळी वाकवली, पाला तोडून माझ्या तळहातावर चुरगळला.

"हुंग," म्हणाली.

मी मान मागं घेतली. माहेरी आमच्या विहिरीवर वावळा होता, मला वास ठाऊक होता.

"अगं हुंग की. मरत न्हाईस."

हुंगलं. काकडी चिरल्यावर येतो तसा ओला, गार वास. मी परत हुंगलं. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसली. "गोडा वावळा हाय ह्यो. माज्या माहेरचा."

तिचं माहेर गोदावरीच्या काठी, सोनपेठकडचं. तिथं नदीच्या दरडीवर असा एक मोठा वावळा होता. त्याला बी यायची ती पोचट. शेकडो, हजारो बिया उडायच्या, पण एकही उगवायची नाही. उगवायचं ते फक्त मुळापासून. मूळ कुठं उघडं पडलं, खरचटलं, की तिथून कोंब फुटायचा. म्हणून त्या गावात एक रीत होती. पोरगी सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ, खोबरं, हळकुंड आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक मुळासकटचा कोंब. लावायचा, जगला तर जगला. आत्याबाई सांगायची, तिच्या वेळी बैलगाडीला दोन दिवस लागले आणि ती वाटभर प्यायचं पाणी तोंडात न घालता फडक्यावर शिंपडत आली. "सगळ्यांना वाटलं पोरगी रडायलीय म्हणून पाणी पिईना," ती म्हणायची.

नंतर एका पुरात नदीनं ती दरड नेली आणि झाडही नेलं. बहिणींचीही झाडं राहिली नाहीत. एकीचं विहीर बांधताना गेलं, एकीच्या दिरानं घराच्या तुळईसाठी तोडलं, धाकटीचं शेळ्यांनी वर येऊच दिलं नाही. राहिलं ते आमच्या गोठ्यामागचं.

आत्याबाईला दोन मुलगे, मुलगी नव्हती. माझ्याकडं बघून ती उघडच म्हणायची, "तुला पयली पोरगी होऊ दे. लोक काय म्हनायचं ते म्हनू दे. तिच्या ओटीत घालायला माज्याकडं हाय." मी लाजून आत पळायची.

त्या दिवसांत सगळीकडं हायब्रीड ज्वारीचं बोलणं होतं. कणीस मोठं, पण भाकर बेचव, कडबा बुटका, जनावर तोंड लावीना. जे काही नवं आणि खोटं वाटे त्याला लोक हायब्रीड म्हणायला लागले होते. दगडूबा म्हणून मामाजींच्या भावकीतला, वयानं लहान, तोंडानं चालू. तो वावळ्याखाली बसून बी चिमटीत दाबायचा आणि ओरडायचा, "दादा, तुमचं झाड हायब्रीड हाय बघा. दिसायला झोकात अन् दाण्याच्या नावानं बोंब!"

आत्याबाई आतून म्हणायची, "तुजा बाप नांगराचं रुमनं धरायचा, तू पत्ते धरतूस. हायब्रीड तू हाइस."

दगडूबाला राग यायचा नाही. "वहिनी, च्या टाका," म्हणायचा.

पुढं कितीतरी वर्षांनी, माझा मुलगा कॉलेजात असताना, त्यानं मला सांगितलं की जवळजवळच्या दोन जातींचा कधी कधी मेळ होतो आणि तिसरंच झाड निपजतं. त्याला बी धरत नाही, खेचराला पिल्लू होत नाही तसं. मी ऐकत राहिले. दगडूबा चेष्टेत बोलला ते खरंच असेल. नदीकाठी कधीतरी दोन झाडांचं काहीतरी जमलं, एकदाच, आणि मग बायकांनी ते ओटीतून ओटीत सांभाळत आणलं. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, त्यामुळं पुन्हा कुणाला करताही येणार नव्हतं.

दुष्काळाचं काय लिहावं. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून कळत नाही. पाऊस त्या साली आला तसा गेला. ज्वारी वीतभर वाढून उभ्या उभ्या वाळली. दिवाळीला विहिरीचा तळ दिसत होता. मग सडकेचं काम निघालं आणि मी, आमचे मालक, दीर, सगळे खडी फोडायला जाऊ लागलो. बायकांची एक रांग, बाप्यांची एक. माझ्या समोर गयाबाई बसायची, बौद्धवाड्यातली. तिनं मला बोटांना चिंध्या कशा बांधायच्या ते शिकवलं. दगड एका हातानं धरायचा, दुसऱ्या हातानं हातोडी, आणि डोळे अर्धे मिटायचे. कपच्या उडतात. संध्याकाळी खायला सरकारी सुकडी मिळायची. रेशनची तांबडी मिलो ज्वारी दळून भाकरी केल्या की विटेसारख्या व्हायच्या.

"माजी गाय काल भिंत चाटायलीती," गयाबाई एकदा म्हणाली. "मी म्हनलं चाट बाई, तेवढीच चुना-माती. आमी तरी दुसरं काय खायलाव?"

आणि ती हसली. मला हसू आलं नाही, पण तिच्या हसण्याचा आधार वाटायचा. तिला एक पोरगा होता, गायीच्या दुधावर जगणारा. गाय गेली असती तर तोही गेला असता, असं ती हसताहसताच म्हणायची.

एकेक करून गोठे रिकामे झाले. लोक जनावरं घेऊन पाथरीच्या बाजारला जायचे आणि नुसता कासरा हातात घेऊन परत यायचे. कुणी विचारायचं नाही काय मिळालं. मामाजी म्हणाले, "बैल ठेवायचे. पाऊस येनारच हाय. तवा पेरायला काय मी जुपून घिऊ मला?"

वावळ्याला उन्हाळ्यात पालवी फुटते. त्या भयाण उन्हातही आमचा वावळा फुटला, लुसलुशीत. बाकीचे वावळेही फुटले, पण त्यांचा पाला जनावरं नाइलाजानं खायची आणि हगवणीनं आणखी वाळायची. आमचा पाला मात्र कडब्यासारखा खायची. मग लोक दारात यायला लागले. मामाजींनी कुणाला नाही म्हटलं नाही. आधी खालच्या फांद्या ओरबाडल्या, मग मधल्या, शेंड्याला हात लावायचा नाही एवढंच ते म्हणाले. वैशाखात झाड उघडं झालं. शेंड्यावर एक लहानसा हिरवा तुरा राहिला.

त्यानंतर एका सकाळी पाखऱ्या खोडाला दात लावताना दिसला. साल कुरतडत होता. मामाजींनी साल कोयत्यानं काढली, चावून पाहिली, थुंकली आणि आतली मऊ साल रात्रभर पाण्यात भिजवून बैलांपुढं टाकली. बैलांनी खाल्ली. दुपारपर्यंत ही गोष्ट वाडीभर झाली.

संध्याकाळी कामावरून येऊन आम्ही अंगणात टेकलो तर वावळ्याखाली सगळी वाडी बसलेली. बाप्ये बोलत होते. आत्याबाई खोडाला पाठ लावून उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण ती हलतही नव्हती.

मामाजी म्हणाले, "ऐका. झाड मारायचं न्हाई. ज्याच्या दारात जनावर हाय त्यानं चार बोटं साल काढायची, उभी. हात पोचंल तिथून खालपतुर. अन् शेजारची चार बोटं सोडायची. पेरताना मदी मोकळं तास सोडताव तसं. सोडलेल्यातून झाड जगंल."

"बौद्धवाड्याला बी साल द्यायची?" एकानं विचारलं.

"जनावराला वाडा कळतोय का?"

 गयाबाई लांब कुंपणापाशी उभी होती. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला.

मामाजी मग बायकोकडं वळले. चारचौघांत ते तिच्याशी कधी बोलत नसत. म्हणाले, "जनावरं उभी ऱ्हायली पायजेत. तू सांग, काय करू?"

 आत्याबाई खोडापासून बाजूला झाली आणि आत गेली. तेच उत्तर समजून दुसऱ्या दिवशी साल काढायला सुरुवात झाली.

लोक प्रामाणिक होते, हे मला लिहिलंच पाहिजे. कुणी पाच बोटं काढली नाहीत. दगडूबासुद्धा हात टेकवून, कोयत्याच्या टोकानं दोन्हीकडून रेघ मारून मगच काढायचा. माणसं पट्टा सोलून झाला की झाडाला हात लावून कपाळाला लावायची. आणि प्रत्येक जण गेल्यावर आत्याबाई शेण आणि काळी माती एकत्र मळून त्या उघड्या पट्ट्यावर लिंपायची. आमच्याकडं फांदी तोडली की असं लिंपतात, म्हणजे ऊन लागत नाही, किडा जात नाही. पाण्याचं एवढं दुर्भिक्ष, तरी ती आपल्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातलं थोडं माती भिजवायला ठेवायची. मी मदतीला गेले की म्हणायची, "तू नको. तुज्या बोटाला चिरा पडल्यात, शेन झोंबंल." भिंत सारवावी तसं ती बोटांनी वळणं काढत सारवायची, वरून खाली. वाळलं की लिंपण करड्या रंगाचं व्हायचं, सालीसारखंच. थोड्या दिवसांनी तर त्यावर धूळ बसायची आणि चार पावलांवरून बघितलं तर कुठं साल आहे आणि कुठं माती ते कळायचं नाही.

तिथंच सगळं चुकलं.

एक फेरी झाली. पाऊस नव्हता. लोक पुन्हा आले. मामाजी म्हणाले, घ्या, चार बोटं, शेजार सोडून. लोकांनी खोडाकडं बघितलं, जिथं साल वाटली तिथं कोयता लावला आणि शेजारची चार बोटं सोडली. सोडलेली ती जागा म्हणजे साल आहे असं सगळ्यांना वाटलं. ती माती होती. आत्याबाईनं नव्या पट्ट्यांवरही लिंपलं. मला वाटतं, तेव्हा झाड जितकं नीटनेटकं दिसत होतं तितकं मी कधीच पाहिलं नव्हतं. सणाला सारवलेल्या ओट्यासारखं.

आम्ही सकाळी अंधारात जायचो आणि दिवस बुडाल्यावर यायचो. मामाजी पाण्यासाठी बैल घेऊन लांब नाल्याला जायचे. खोडाभोवती फिरून बघायला कुणाला उसंत होती? आणि बघितलं असतं तरी काय दिसलं असतं.

त्या उन्हाळ्यानंतर पाऊस आला. लोकांनी काय काय केलं ते पुष्कळांनी लिहिलंय, मी नाही लिहीत. मला त्यातलं एवढंच आठवतं की दोन दिवसांची झड थांबली आणि मी शेणाची पाटी घेऊन गोठ्यामागं गेले. वावळ्याचं लिंपण वाहून बुंध्याशी चिखल झाला होता. खोड हात पोचेल तिथपासून खाली पांढरं. हाडासारखं पांढरं. सालीची एक चिरी राहिली होती गोठ्याच्या बाजूला, जिथं दावणीमुळं कुणाचा हात पोचला नव्हता. तीही वाळून वर वळलेली.

मामाजी तिथं आधीच उभे होते. मी आलेलं त्यांना कळलं नाही. त्यांनी उघड्या लाकडावर चार बोटं टेकवली. मग बाजूला चार बोटं. मग आणखी बाजूला. असं करत ते खोडाभोवती फिरत गेले, मला दिसेनासे झाले आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा दिसले, बोटं अजून टेकवतच होते. मी पाटी तिथंच ठेवून परत आले.

पण झाडाला पाला आला. तेही तसंच लिहायला हवं. श्रावणात शेंड्यापासून खालपर्यंत सगळ्या ओरबाडलेल्या फांद्या फुटल्या. दगडूबा नाचतच आला. "वहिनी, हायब्रीड मरत नसतंय! बघा की!" आत्याबाईनं त्याला चहा दिला, स्वतःहून. पोळ्याला बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावली तशी तिनं झाडालाही हळद लावली.

त्याच दिवसांत मी दोघांचं बोलणं ऐकलं. मी चुलीपाशी होते, ते ओट्यावर.

"एक मूळ काडून लावून ठेवताव," आत्याबाई म्हणाली. "पाऊसमान चांगलं हाय. धरंल."

"आत्ता?"

"मग कवा?"

"अगं, मरता मरता उठलंय ते. आता त्याच्या मुळाला पहार लावायची? एक साल दम धर. अंगात ताकद भरू दे. पुढच्या पावसाळ्यात पायजे तेवढी मुळं काड."

 आत्याबाई म्हणाली, "तुमाला बरं वाटंल तसं."

आज मला कळतं, पाला आला तो झाडाच्या अंगात आधीचं जे काही उरलं होतं त्यावर आला. वरचं खाली जायची वाट बंद झाली होती आणि मुळं उपाशी होती. त्या श्रावणात मुळात थोडा जीव होता. त्याच एका पावसाळ्यात होता. मामाजींनी दया केली. वर्षभर बैल घेऊन नाल्याला पाय झिजवलेल्या, पोटच्या पोरांना सुकडी खाऊ घातलेल्या माणसाला झाडाला पहार लावणं जमलं नाही. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मी कुणालाच दोष देऊ शकत नाही, म्हणून तर हे इतकी वर्षं आत राहिलं. कुणावर तरी राग काढता आला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या चैत्रात सगळ्या बांधांवरच्या वावळ्यांच्या बिया उडाल्या. आमच्या झाडाला फूलच आलं नाही. वैशाखात पालवी नाही. लोक म्हणाले उशिरा येईल. मिरगात आत्याबाईनं स्वतः कुदळ घेतली. मी बरोबर होते. पहिलं मूळ मनगटाएवढं लागलं. तिनं ते हातानं ओढलं तर कटकन मोडलं. आत भुसा. तिनं दुसरीकडं खणलं. तिसरीकडं. गोठ्याच्या बाजूला, विहिरीच्या बाजूला, जिथवर मूळ जाऊ शकेल तिथवर. मी म्हटलं, "आत्याबाई, बस करा." माझा आवाज मलाच मोठा वाटला. तिनं ऐकलं नाही. शेवटी मामाजींनी येऊन कुदळ तिच्या हातातून घेतली. ती दिली तिनं, भांडली नाही.

झाड कलायला लागलं तेव्हा पाडावं लागलं, गोठ्यावर पडलं असतं. मामाजींनी कुणाला बोलावलं नव्हतं. पण सकाळी बघते तर ज्यांनी ज्यांनी साल नेली होती ते सगळे कुऱ्हाडी घेऊन आलेले. बौद्धवाड्यातलेही आले.  पडल्यावर लाकूड फोडलं, एका बाजूला रचलं आणि सगळे अंगणात बसले. आत्याबाईनं गुळाचं पाणी दिलं. एकेकाच्या हातात तांब्या देत गेली आणि मग म्हणाली,

"लाकूड बी घिऊन जावा. वाटून घ्या. चार चार बोटं. तुमाला वाटून घेता येतंय लय चांगलं."

 गयाबाईचा नवरा तांब्या तसाच धरून बसला. मामाजी भिंतीकडं बघत होते.

दगडूबाच बोलला, हळू. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "वहिनी, आमाला दिसलं असतं तर आमी कोयता लावला असता का? तुमी असं सारवलं होतं की... आमाला साल कोंची अन् माती कोंची ते कळंना."

आत्याबाई त्याच्याकडं बघत राहिली.  तिच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी तिच्या पायावर सांडलं, तरी तिला कळलं नाही. दगडूबा उठला, "वहिनी, मला तसं न्हवतं म्हनायचं," म्हणाला, पण ती आत निघून गेली होती.

त्यानंतर तिनं शेण हातात घेतलं नाही. भिंती, ओटा, चूल, सगळं मी सारवायची. ती अंगण झाडायची, दळायची, बैलांना पाणी दाखवायची. पण सारवायला मी बसले की उठून दुसरीकडं जायची. लोक म्हणायचे, सून आली, सासूला बसून खायची सवय लागली. मी ऐकून घ्यायची.

मला मुलगी झाली ती त्यानंतरच्या साली. आत्याबाईनं तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, तिचा तळहात उघडून पाहिला आणि मिटून ठेवला. ओटीबद्दल त्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही. मुलीच्या लग्नात मी तिची ओटी भरली, तांदूळ, खोबरं, हळकुंड. सगळं रीतीप्रमाणं. मुलगी आता नांदेडला असते. तिला मी हे काही सांगितलेलं नाही. नसलेली वस्तू कशी द्यायची?

कधी वाटतं, मामाजींनी तेव्हा झाड कुणालाच दिलं नसतं तर? मग गयाबाईच्या पोराचा चेहरा समोर येतो. तो जगला. पुढं शिकला, एसटीत लागला. बस थांबवून मला "काकू, बसा" म्हणतो. त्याच्याकडं बघून झाडाचा विचार करणं मला जमत नाही. आणि त्याचा विचार करूनही झाडाचं दुःख कमी होत नाही. दोन्ही आपापल्या जागी राहतात.

ढवळ्या दुष्काळानंतर थकला, त्याला एका पाव्हण्याकडं हलकं काम करायला दिलं. तिथंच तो गेला. ज्या ज्या जनावरांनी ती साल खाल्ली होती ती एकेक करून विकली गेली, मेली, म्हातारी झाली. गयाबाईची गायही गेली. पाखऱ्या तेवढा आमच्या दावणीला राहिला. आत्याबाई त्याचं सगळं स्वतः करायची. त्याचे दात गेले तेव्हा ती कडबा बारीक कुटून, पाण्यात भिजवून हातानं भरवायची. मामाजी म्हणायचे, "बैल हाय का लेकरू?" ती म्हणायची, "तुमाला काय करायचंय?"

थंडीत एका सकाळी तो उठला नाही. दुपारपर्यंत धापा टाकत होता. आत्याबाई त्याच्या मानेखाली हात घालून बसली होती, गोठ्यातच. मी पाणी नेऊन दिलं, तिनं त्याच्या ओठांना लावलं, ते बाजूनं गळून गेलं. ऊन कलल्यावर तो गेला.

मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम बौद्धवाड्यानं माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी सोडलं होतं. ज्याचं जनावर त्यानं बघायचं. आमचे मालक, दीर आणि दगडूबा यांनी बैल शेताच्या कडेला नेला आणि खड्डा खणायला लागले. मामाजीही फावडं घेऊन उतरले. म्हातारे झाले होते, पण कुणी नको म्हटलं नाही. गयाबाई येऊन माझ्याजवळ उभी राहिली.

आत्याबाई बैलापाशी खाली बसली. त्याच्या पोटावरून तिनं हात फिरवला, मग हात तिथंच ठेवला. ती कुणाशी बोलत होती ते कळलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं.

"एवडे दिवस ह्याच्या अंगात थोडं थोडं होतं ते झाड. आता कायीच ऱ्हायलं न्हाई."

दगडूबाची कुदळ थांबली. आमच्या मालकांनी मामाजींकडं पाहिलं. खड्डा पुरेसा झाला होता, बैल त्यात सहज मावला असता. "बा, वर या आता," ते म्हणाले. मामाजी वर आले नाहीत. ते वाकून खणत राहिले, माती वर फेकत राहिले आणि आम्ही सगळे काठावर उभे होतो.